नऊशे खिळे आणि एक लोंबता दोरा

मित्रांनो, माझ्या अंगात नऊशे खिळे आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. उलट एखादा नवा माणूस आला आणि माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरकला, की मला मनातून बरं वाटतं. मी एक जुना फळा आहे, पण खडूने लिहायचा नव्हे. आजवर माझ्यावर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. तरीही लोणारच्या आमच्या दवाखान्यात माझ्याइतकं वाचलं गेलेलं दुसरं काही नसेल. तुम्हाला ही बढाई वाटेल. वाटू द्या. गोष्ट पुरी ऐकलीत की तुम्हीच मान डोलवाल.

जन्माने मी दार. सागवानाचं नव्हे, साध्या कडुनिंबाचं. दवाखान्याच्या मागे औषधं ठेवायची खोली होती, तिला मी बावीस वर्षं लावलेला होतो. दाराचं काम तसं सोपं असतं. उघडायचं, मिटायचं आणि मधल्या वेळात ऐकत राहायचं. ऐकायची सवय मला तिथेच लागली. पुढे त्या खोलीला लोखंडी दार आलं आणि मला काढून भिंतीला टेकवून ठेवलं. मी मनात म्हटलं, संपलं आपलं, आता कुणाच्या तरी चुलीत.

त्याच सुमारास दवाखान्यात दर बुधवारी मनाच्या आजारांचे रुग्ण तपासायला सुरुवात झाली. बुलढाण्याहून डॉक्टर प्रेमानंद यायचे. ज्यांना झोप लागत नाही, ज्यांचं कशात मन लागत नाही, ज्यांना जगणंच नकोसं झालं आहे, अशी माणसं हळूहळू तिथे येऊ लागली. मित्रांनो, अंगात ताप येतो तसं मनही आजारी पडतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ताप हाताला कळतो, आणि हे दुखणं हाताला कळत नाही. ते विचारावं लागतं.

विचारायचं काम समता सिस्टरांकडे होतं. समता सिस्टर मेहकरच्या. चालायला लागल्या की पदर सांभाळायलाही थांबणार नाहीत, पण रुग्णासमोर बसल्या की जगात दुसरं काही काम नसल्यासारख्या बसायच्या. त्या प्रत्येकाला पाच प्रश्न विचारत. झोप येते का, जेवण जातं का, माणसांत मन रमतं का, उद्याचा दिवस बघावासा वाटतो का, आणि शेवटी, जगणं नकोसं वाटतं का. उत्तरांवरून त्या एक ते पाच यांतला एक आकडा वहीत लिहीत. एक म्हणजे मन हलकं आहे. पाच म्हणजे या माणसाला आता एकटं सोडायचं नाही.

आकडे वहीत होते, आणि खोट तिथेच होती. चार तासांत चाळीस रुग्ण, मग डॉक्टरांनी मागची पानं उलटायची कधी? एक बाई एका बुधवारी दोनवर होती, पुढच्या बुधवारी तीनवर, त्याच्या पुढच्या बुधवारी चारवर. तिन्ही आकडे तीन वेगळ्या पानांवर, आणि कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चौथ्या बुधवारी ती आपण होऊनच बोलली म्हणून निभावलं. त्या दिवशी समता सिस्टरांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

"आकडे माह्या वहीत होते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "म्याच लिहिले, आन मलेच दिसले नाही."

त्या मागच्या बाजूला हात धुवायला आल्या आणि माझ्यासमोर थबकल्या. बराच वेळ मला खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोतीराम मिस्त्रींना बोलावलं. मोतीराम मिस्त्री गावातले जुने सुतार. मला बावीस वर्षांपूर्वी रंधा मारला होता तोही त्यांनीच.

"काका, या दारात खिळे मारून द्या."

"किती मारू?"

"नऊशे."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, परत लावली. "बाई, दार कायमचं बंद करायचं हाये का?"

पण सिस्टरांनी कागदावर आखून दाखवलं तेव्हा त्यांनी हातोडी बाहेर काढली. माझ्या उंचीवर एकाखाली एक अशा पंधरा पट्ट्या आखायच्या. एक पट्टी म्हणजे एक रुग्ण; चाळिसांतले सगळ्यांत काळजीचे पंधरा. पट्टीत डावीकडून उजवीकडे बारा खिळे, म्हणजे बारा भेटी. आणि प्रत्येक भेटीला खालून वर पाच खिळे. आकडा एक असेल तर दोरा सगळ्यांत खालच्या खिळ्याला गुंडाळायचा, पाच असेल तर सगळ्यांत वरच्या. दोरा खाली उतरला तर माणूस सावरतो आहे, वर चढला तर धावून जायचं.

काम चार दिवस चाललं. पहिले शंभर घाव मी मोजले, मग मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक पट्टीतली सगळ्यांत वरची ओळ मिस्त्रींनी फाटकाच्या उरलेल्या लाल रंगाने रंगवली. समता सिस्टरांना विणकामाचा नाद होता. घरी उरलेल्या लोकरीचे गुंडे त्यांनी पिशवीत भरून आणले. माझ्यावर कुणाचं नाव मात्र लिहू दिलं नाही. फक्त नंबर. नावं वहीत आणि वही कुलपात. कुणाचं दुखणं चारचौघांत टांगायचं नसतं, हे त्यांनी मिस्त्रींनाही बजावलं.

वहीतले मागचे आकडे सिस्टरांनी दोऱ्यांनी माझ्यावर आधीच मांडले होते, आणि सात नंबरचा दोरा लाल ओळीला भिडला होता. पहिल्या बुधवारी डॉक्टर आले. हातातली बॅग खाली ठेवण्याआधीच माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सात नंबरला आधी आत घ्या."

बस्स, एवढंच. पण मित्रांनो, बावीस वर्षं ज्याच्याकडे कुणी कडी लावण्यापुरतंच पाहिलं, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल याचा विचार करा. त्या दिवसापासून मी कुणाचा दोरा काय बोलतो आहे ते शिकू लागलो. सोयाबीनच्या काढणीत बायांचे दोरे चढायचे, कारण घरचं आणि शेतातलं दोन्ही त्यांच्याच माथी. निकालाच्या आठवड्यात कॉलेजातल्या पोरापोरींचे चढायचे. माहेरी लग्न निघालं की एखादा दोरा दोन खिळे खाली यायचा. वर, खाली, परत वर. कुणाचाच दोरा कधी एका चालीने चालला नाही.

फक्त अकरा नंबरचा चालला.

अकरा नंबर म्हणजे दुसरबीडचे अर्जुनराव. त्यांनी तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवलं होतं. आसपासच्या चाळीस गावांत नवरदेव त्यांच्या सुरामागून घोड्यावर निघायचा. मग वरातीत डीजे आला आणि बँड घरी बसला. अर्जुनरावांना दुसरं काम मिळालं, पोटापुरतं मिळतही होतं. पण आपलं कुणाला काही कामच उरलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते मन खचत गेलं. पहिल्या दोन भेटींना ते स्वतः आले. दोन्ही वेळा आकडा चार.

तिसऱ्या बुधवारपासून त्यांच्याऐवजी त्यांची बायको सत्यभामाबाई येऊ लागल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर, बसच्या वेळेकडे लक्ष. आज त्यायले काम निघालं, म्हणायच्या. गोळ्या संपल्या होत्या म्हणून मीच आली. आमच्याकडे ही रीतच आहे. एकाच्या गोळ्या न्यायला दुसरा येतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सिस्टर त्यांनाच पाच प्रश्न विचारायच्या. झोपतात का? झोपतेत ना. जेवतात? दोन भाकरी खातेत. बोलतात घरात? बोलतेत की, चांगलं बोलतेत.

निळा दोरा उतरू लागला. चारवरून तीन, मग दोन, परत दोन, मग एक, एक, एक, एक. कुठे थरथर नाही, कुठे मागे फिरणं नाही. माझ्या अंगावरचा तो सगळ्यांत देखणा दोरा होता, आणि तो मी मिरवत होतो.

त्या वर्षी मार्च महिन्यात एका संशोधन संस्थेतले चार पाहुणे मला बघायला आले. आकडे डोळ्यांना दिसतील असे मांडायचे कसे, याचाच त्यांचा अभ्यास होता. त्यांतल्या एका गृहस्थांनी अकरा नंबरच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, उपचार कसा लागू पडतो याचं याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही. त्यांनी तिचा फोटोसुद्धा घेतला. दारं फुगतात ती पावसाळ्यात. मी त्या दिवशी भर मार्चमध्ये फुगलो.

पाहुणे चहाला गेले. समता सिस्टर गेल्या नाहीत. त्यांनी त्या निळ्या दोऱ्यावर बोट फिरवलं, मग शेजारच्या दोऱ्यावर, मग परत निळ्यावर.

"डॉक्टर, जित्या मानसाचा दोरा इतका सरळ असते का?"

डॉक्टर उठून आले. दोघांनी वही उघडली. आकड्यांच्या शेजारी सिस्टरांच्याच हाताची बारीक अक्षरं होती. पत्नीने सांगितले. पत्नीने सांगितले. सात वेळा. लिहिलं होतं सगळं, पण दोऱ्यात ते कुठे दिसत नव्हतं. दोरा स्वतःच्या तोंडच्या आकड्यालाही तसाच गुंडाळला जायचा आणि दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्यालाही तसाच.

सत्यभामाबाई त्या दिवशीही आल्या होत्या. बाहेर बाकावर बसून पुडीतले शेंगदाणे खात होत्या. सिस्टरांनी त्यांना आत आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

"काकू, हा दोरा काकांचा."

सत्यभामाबाईंनी तो पाहिला. चेहरा खुलला त्यांचा. "कसा चांगला खाली आला, नाई बाई?"

"आला. पन मले एक सांगा, याच्यात काकांचं सांगनं किती, आन तुमचं किती?"

 पुडीचा कागद सत्यभामाबाईंनी घडी घालून घालून नखाएवढा केला. सिस्टर त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. घाई केली नाही.

"आपल्या मानसाचं वंगाळ आपल्याच तोंडानं कसं काढाव, बाई?" शेवटी सत्यभामाबाई म्हणाल्या. "तोंडातून निघालं की ते खरं होते. माही माय म्हने, घरच्याचं कोनी बी इचारलं, तं चांगलंच सांगाव. मी चांगलं सांगून राह्यली होती. मले वाटे, मी चांगलं म्हनत गेली तं चांगलंच होईन."

"आन खरं कसं हाये?"

"पंधरा दिस झाले, ते माह्याशी बोलले नाहीत." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "क्लॅरनेट देऊन टाकलं पुतन्याले. हातातलं घड्याळ बी देऊन टाकलं. म्हने, आता मले कायले पाह्यजे."

मित्रांनो, ज्या माणसाने तीस वर्षं जिवापलीकडे जपलेली वस्तू अशी वाटून टाकली आहे, त्याच्याकडे ताबडतोब जावं लागतं. हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्यांनी सत्यभामाबाईंना एक शब्दही लावला नाही. आधी त्या माझ्याकडे वळल्या आणि अकरा नंबरचा दोरा उलगडू लागल्या. एक, एक, एक, एक, दोन, दोन, तीन. सात खिळे मोकळे झाले. अर्जुनराव स्वतः आले होते त्या दोन भेटींपुरताच दोरा खिळ्यांना राहिला, आणि उरलेला निळा दोरा माझ्या अंगावर नुसता लोंबत राहिला.

मला लाज वाटली, हे मी उघड सांगतो. एक माणूस दिवसेंदिवस बुडत होता, आणि मी त्याचा दोरा अंगावर मिरवत फोटो काढून घेत होतो. खोटं सत्यभामाबाई बोलल्या, पण त्यांच्या त्या खोट्यात भीती आणि माया होती. माझ्यात नुसतीच ऐट होती.

सिस्टरांनी पिशवी खांद्याला लावली. "डॉक्टर, दोनची बस सापडते मले."

"निघा. इथलं मी बघतो," डॉक्टर म्हणाले. "आणि काय असेल ते लगेच फोनवर सांगा. मी गाडी घेऊन येतो."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सिस्टरांनी नंतर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ऐकलं. दुसरबीडला अर्जुनराव घराच्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. सिस्टर खाली जमिनीवर बसल्या. त्यांनी हवापाण्याचं काही विचारलं नाही, की बरं वाटतं का असंही विचारलं नाही. पाचवा प्रश्न त्यांनी सगळ्यांत आधी विचारला.

"काका, जगनं नकोसं वाटते का?"

 मग अर्जुनरावांनी कूस बदलली. "हाव, वाटते," ते म्हणाले. आणि उठून बसत म्हणाले, "इतके दिस झाले, पन मले हे कोनी इचारलंच नाही. सारे म्हंतेत, चांगले दिसता."

दारामागे उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंनी तोंडाला पदर लावला. बोलल्याने खरं होतं, अशी त्यांना भीती होती. झालं उलटंच. नवरा बोलला, आणि बोलता बोलता रडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने त्यांच्या हातून पाणी मागून घेतलं. सिस्टर त्यांच्याजवळून हलल्या नाहीत. संध्याकाळच्या आत डॉक्टर गाडी घेऊन पोहोचले आणि अर्जुनरावांना बुलढाण्याला घेऊन गेले. तिथे बारा दिवस त्यांच्यावर उपचार झाले, आणि बाराही दिवस कुणी ना कुणी त्यांच्या उशाशी बसलेलं होतं.

ते परत लोणारला आले तेव्हा सिस्टरांनी तो लोंबता दोरा उचलला. मधल्या सात भेटींची घरं तशीच सोडली. दहाव्या भेटीच्या घरात, अर्जुनराव दुसरबीडला त्या दिवशी जे बोलले होते त्याचा आकडा म्हणून, दोरा लाल खिळ्याला गुंडाळला. पाच. नंतरच्या दोन भेटींना चार आणि चार. पट्टी भरली. मधे दोऱ्याला हा एवढा झोल पडला. दिसायला अगदी गबाळा. पण मित्रांनो, त्या देखण्या दोऱ्याने मला जी ऐट आली होती, तिच्या दसपट अभिमान मला या गबाळ्या दोऱ्याचा वाटला. कारण आता माझ्या अंगावर जे होतं ते त्या माणसाचं स्वतःचं होतं.

त्या दिवसापासून दवाखान्यात एक नियम झाला. रुग्ण स्वतः बोलला तरच दोरा खिळ्याला लागणार. दुसऱ्या कुणी सांगितलं, किंवा रुग्ण आलाच नाही, तर दोरा लोंबता. आणि लोंबता दोरा दिसला की कुणीतरी त्या घरी जायचंच. अकरा नंबरची पट्टी सिस्टरांनी पुढे कधी उलगडली नाही. अर्जुनरावांसाठी खाली नवी पट्टी धरली, जिच्यात दोरा वर-खाली होत होत सावकाश उतरला, आणि ही जुनी तशीच ठेवली.

तीन वर्षं माझी भरभराटीत गेली. मग पडदा आला.

पडदा म्हणजे संगणकाचा मोठा पडदा, टीव्हीसारखा. तो आणला डिंपल नावाच्या मुलीने. डिंपल बुलढाण्याचीच, आकड्यांचं शास्त्र शिकलेली, पुण्याला संशोधन करणारी. चार तालुक्यांतले असे बुधवारचे दवाखाने एकत्र जोडायचे आणि कुठला रुग्ण धोक्यात आहे ते एका जागी बसून दिसेल असं करायचं, हे तिचं काम होतं. काम मोलाचं होतं, हे मलाही कळत होतं. नऊशे खिळ्यांत पंधरा माणसं मावतात. तिच्या पडद्यात हजारो मावणार होती.

पण माझी भिंत पडद्याला हवी होती. मला मागच्या व्हरांड्यात नेलं आणि तोंड भिंतीकडे करून उभं केलं. लवकरच माझ्या पाठीवर ओल्या छत्र्या अडकू लागल्या. एका पालीने माझ्या सहाव्या पट्टीत बिऱ्हाड केलं. एका पावसाळ्यात तीस-चाळीस खिळ्यांना गंज चढला. कुणी मुद्दाम हाल केले असं नाही, फक्त कुणाच्या लक्षातच राहिलो नाही. अर्जुनरावांना काय वाटलं असेल ते तेव्हा मला थोडंफार कळलं.

मग तो बुधवार आला. पडदा पुरा तयार झाला होता, आणि डिंपलला तो एखाद्या रुग्णाला दाखवून बघायचा होता. रुग्णाला तो समजतो का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी अर्जुनरावांना विचारलं, तुमचीच रेघ तुम्हाला दाखवली तर चालेल का? ते म्हणाले, दाखवा की. सत्यभामाबाईही सोबत होत्या. खिडकी उघडी होती, आणि ऐकायचं कसं ते तर मी जन्मापासून जाणतो.

"हे बघा," डिंपल सांगत होती, "सुरुवातीला चार, चार. मग हळूहळू कमी होत एकवर आले. आणि इथे एका आठवड्यात एकदम पाच. असं अचानक का होतं, याचाच आम्हाला अभ्यास करायचा आहे."

 मग अर्जुनरावांचा आवाज आला, सावकाश, एकेक सूर लावल्यासारखा.

"म्याडम, अचानक काईच झालं नाही. हे मधले सात ठिपके हायेत ना, त्याच्यात मी नाई. ते माही बायको हाये."

वहीतले आकडे पडद्यात भरले होते. शेजारच्या बारीक अक्षरांसाठी मात्र पडद्यात जागाच नव्हती. माझ्या हातून जी चूक झाली होती, तीच नवी कोरी होऊन पडद्यात शिरली होती. आणि या वेळी ती चार तालुक्यांत पोहोचणार होती.

"चला, तुम्हाले दाखवतो," अर्जुनराव म्हणाले.

ते सरळ मागच्या व्हरांड्यात आले. छत्र्या खाली काढल्या. त्यांनी आणि समता सिस्टरांनी मिळून मला वळवलं, आणि सात महिन्यांनी माझ्या तोंडावर उजेड पडला. पाल पळाली. अकरा नंबरच्या पट्टीवर धूळ बसली होती. अर्जुनरावांनी ती आपल्या रुमालाने पुसली आणि झोलावर बोट ठेवलं.

"हे पाहा. इथी मी नवतो. इथी कोनाले माहीत नवतं मी कसा हाये. सिस्टरनं ते तसंच ठेवलं."

डिंपल जमिनीवर बसली. चांगले कपडे घालून आलेली मुलगी, पण धुळीचा विचारही तिने केला नाही. सगळ्या पट्ट्या तिने एकेक करून पाहिल्या. नंतर वह्या मागवल्या, आणि प्रत्येक लोंबत्या दोऱ्याच्या वेळी कोण कुठल्या घरी गेलं होतं ते शोधून काढलं. ऊन उतरेपर्यंत ती माझ्यासमोरच बसून होती. उठली तेव्हा तिची पुण्याची भाषा कुठच्या कुठे गेली होती.

"आमी रिकामी जागा भरून टाकून राह्यलो होतो, सिस्टर," ती म्हणाली. "ती रिकामीच दिसाले पाह्यजे होती."

महिनाभराने पडदा नव्याने चालू झाला. आता त्यात सगळ्यांत आधी विचारलं जातं, उत्तर कोणी दिलं? रुग्णाने स्वतः दिलं नसेल तर रेघ पुढे जात नाही. ती तुटते आणि खाली झोल पडून लोंबते, अगदी माझ्यासारखी. चारही तालुक्यांतले लोक तिला लोंबता दोराच म्हणतात, जरी तिथे दोरा नाही आणि खिळाही नाही. माझं नाव पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. पण तो झोल माझा आहे, आणि तो दिसला की माझी छाती अजून फुगते. पावसाळा असो नसो.

मी परत आत आलो. पडद्याशेजारी मला जागा मिळाली. मोतीराम मिस्त्रींनी गंजलेले खिळे बदलून दिले, आणि या खेपेला त्यांनी किती म्हणून विचारलं नाही. मोजणं, साठवणं हे सगळं आता पडदा करतो. पण एखादी रेघ तिथे लोंबू लागली की सिस्टर माझ्यावर त्या नंबरचा एक खराखुरा दोरा बांधतात. त्या घरी कोण जाणार हे ठरल्याशिवाय बुधवारी दवाखान्याला कुलूप लागत नाही. सत्यभामाबाई बाहेरच्या बाकावर बसून नव्या बायांना सांगत असतात, तुमी नका सांगू बाई, त्यायलेच घेऊन या. मी सात येळा सांगितलं होतं, मले माहीत हाये.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी ऐका. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी गप्प गप्प झालं असेल आणि दुसरीच माणसं तो बरा आहे म्हणून सांगत असतील, तर तेवढ्यावर थांबू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्यालाच विचारा, आणि एखाद्या मोठ्या माणसाला नाहीतर डॉक्टरांना सांगा. आणि तुमचंच मन जड झालं असेल, तर स्वतःच्या तोंडाने बोला. बोलल्याने वाईट खरं होत नाही. मी नऊशे खिळ्यांनी पाहिलेलं आहे.

आज बुधवार आहे. माझ्यावर एक पिवळा दोरा लोंबतो आहे. चार नंबर. सकाळी त्या माणसाचा भाऊ येऊन गोळ्या घेऊन गेला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. आज त्या घरी जायला समता सिस्टर निघालेल्या नाहीत. पायात चपला घालून अर्जुनराव निघाले आहेत. खांद्याला पिशवी आहे आणि पिशवीत पुतण्याने परत आणून दिलेलं क्लॅरनेट. सिस्टर म्हणाल्या, काका, मी येऊ का सोबत? ते म्हणाले, "तुमी इथलं पाहा. सरळ दोरा कसा दिसते ते माह्यापेक्षा कोनाले जास्त माहीत हाये?" काय असेल ते लगेच फोनवर सांगायचं कबूल करून ते बसस्टँडकडे गेले.

मी वाट बघतो आहे. तो पिवळा दोरा संध्याकाळी माझ्या कुठल्या खिळ्याला लागेल, मला ठाऊक नाही. लाल खिळ्याला लागला तरी चालेल, मी तोही अभिमानाने धरीन. फक्त तो आकडा त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडचा असला पाहिजे.